नर्सिंग होम पारखावे कसे?

कापडाचा ताका घेताना आम्ही व्यापारी काय करतो? उजेडात धरतो, पन्हा मोजतो, सूत बोटात चोळून पाहतो, कोपरा पाण्यात भिजवून रंग जातो का आणि कापड आटते का ते तपासतो. मीटरमागे रुपया-दीड रुपयाच्या फरकासाठी सोलापूर, इचलकरंजी, मालेगावपर्यंत चौकशी करतो. मात्र घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन आले की तोच व्यापारी रिक्षावाला सांगेल त्या पाटीखाली जाऊन उभा राहतो. आत काय आहे, रात्री डॉक्टर कोण असतो, परवाना आहे की नाही, हे विचारायची त्याला सवड नसते आणि हिंमतही होत नाही.

आमच्या वाचकांत लहान दुकानदार, शिलाई कारागीर, वेल्डर, पिंजारी, फेरीवाले असे हातावर पोट असलेले बंधू बरेच आहेत. त्यांच्याकडे आजारपणासाठी वेगळी काढलेली रक्कम नसते. एक ऑपरेशन फसले तर ईदच्या सीझनसाठी ठेवलेली मुद्दल जाते, मशीन गहाण पडते आणि पुढची दोन-तीन वर्षे देणे फेडण्यात जातात. पैसा पुन्हा कमावता येतो, गेलेले माणूस परत येत नाही. म्हणून व्यापाराच्या पानावर आज हा विषय घेत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. रोगाचे निदान बरोबर की चूक हे आम्हाला सांगता येणार नाही. परंतु ज्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात आणि विचारल्यावर कळतात, त्या साध्या माणसालाही पारखता येतात. त्याच येथे क्रमाने मांडत आहोत.

कशावरून पारखू नये

प्रथम चुकीची मापे बाजूला काढू. संगमरवरी फरशी, काचेचे दार, एसी आणि रिसेप्शनवरचा टीव्ही यावरून उपचाराचा दर्जा कळत नाही. पॅकिंग भारी म्हणून माल भारी असतो असे नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. दुसरे चुकीचे माप म्हणजे सलाईन आणि इंजेक्शन. "तिथे गेल्या गेल्या बाटली लावतात" ही अनेकांच्या तोंडी तारीफ असते. तोंडाने औषध घेऊ शकणाऱ्या रुग्णाला विनाकारण सुई टोचणे म्हणजे खर्च वाढवणे आणि जंतूंना वाट करून देणे होय. तिसरे माप दलालाचे. रुग्ण आणून दिल्याबद्दल कमिशन देण्याची रीत वैद्यकीय परिषदेच्या नियमांत गैरवर्तन ठरवलेली आहे, तरी ती पूर्णपणे गेलेली नाही. ज्याला तुम्हाला तिथे नेण्याचे पैसे मिळतात, त्याची शिफारस मोफतही घेऊ नये.

चौथी गोष्ट जरा उलटी वाटेल. "त्या डॉक्टरने आमचा पेशंट लातूरला पाठवला, त्याला जमले नाही" असे म्हणून लोक डॉक्टरला नावे ठेवतात. आमच्या मते वेळेवर पुढे पाठवणारा डॉक्टर हा भरवशाचा डॉक्टर. दुकानात नसलेला माल नाही म्हणून सांगणाऱ्या व्यापाऱ्याचा आपण विश्वास धरतो, तसेच हे. ३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे आणि मनुष्यबळाची टंचाई हा त्यावेळी मोठ्या वादाचा विषय झाला. त्याचबरोबर रुग्णालयाकडून असेही सांगण्यात आले की अनेक रुग्ण बाहेरून अगदी अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते. उदगीरहून लातूर साठ-सत्तर किलोमीटर आहे, नांदेड त्याहून लांब. पाठवायचे असेल तर रुग्णात दम आहे तोवर पाठवणे यालाच उपचार म्हणतात.

परवाना आणि खाटांचा आकडा

महाराष्ट्रात खासगी नर्सिंग होमसाठी १९४९ चा नोंदणी कायदा आहे. तो झाला तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात नव्हता, आपण १९५६ साली आलो. आता तो राज्यभर लागू आहे. आजारी, जखमी अथवा बाळंत होणाऱ्या स्त्रीला ठेवून घेऊन शुश्रूषा करणारी खासगी जागा, मग ती चार खाटांची का असेना, नोंदवलेली असली पाहिजे. नोंदणीला मुदत असते आणि ती वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र सहज दिसेल अशा जागी लावलेले असले पाहिजे. उदगीरसारख्या नगरपरिषदेच्या गावात ही नोंदणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, खेड्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि लातूर-नांदेडसारख्या महानगरपालिकेत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. शंका आली तर तेथे विचारता येते.

प्रमाणपत्रावर तीन गोष्टी पाहाव्यात: नाव व पत्ता तोच आहे का, मुदत संपलेली आहे का आणि खाटा किती मंजूर आहेत. मग वॉर्डातून एक फेरी मारून खाटा मोजाव्यात. हे मोजणे किती महत्त्वाचे आहे, ते मे २०२४ मध्ये दिल्लीच्या विवेक विहार भागात कळले. तेथील नवजात बालकांच्या एका खासगी रुग्णालयाला २५ मेच्या रात्री आग लागली आणि तान्ही बाळे दगावली. पोलिसांनी सांगितले की परवान्याची मुदत ३१ मार्चलाच संपली होती, तोही पाच खाटांपुरता होता आणि त्या रात्री आत बारा बाळे होती. आपत्कालीन दार नव्हते. यांतील एकही गोष्ट समजायला डॉक्टरकीचे ज्ञान लागत नाही. परवाना वाचता आला आणि पाळणे मोजता आले तरी पुरे होते.

सोनोग्राफी होत असेल तर १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदणी आणि "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलकही लावलेला असला पाहिजे. ज्या जागी कायद्याने सक्तीचे असलेले फलक नीट आहेत, तेथे सर्व काही ठीक आहे असे नाही. मात्र जेथे तेही नाहीत, तेथे न दिसणाऱ्या गोष्टी कोणी सांभाळत असेल असे धरून चालू नये.

माणसे कोण आहेत

पाटीवर मोठ्या डॉक्टरांची पाच-सहा नावे असतात. विचारायचा प्रश्न हा: यांतील इथे रोज कोण असते आणि फोन केल्यावर कोण येते? लहान गावात भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ हे बहुधा बोलावल्यावर येतात. त्यात गैर काही नाही. पण किती वेळात येतात, ते बाहेरगावी असतील तर दुसरे कोण, हे आधी माहीत असावे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. तो क्रमांक कोणत्या परिषदेचा, ॲलोपॅथीचा, आयुर्वेद-युनानीचा की होमिओपॅथीचा, हे विचारण्यात अपमान नाही. प्रत्येक शास्त्राचा मान त्याच्या जागी आहे, परंतु अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास अडकला तर हजर असलेला माणूस त्या कामाचे शिक्षण घेतलेला हवा.

म्हणून आमची सूचना अशी की नर्सिंग होम एकदा दिवसा पाहावे आणि एकदा रात्री दहानंतर. दिवसाचे दुकान सगळ्यांचेच उघडे असते. रात्री नर्स किती आहेत, त्या नर्सिंग शिकलेल्या आहेत की दोन महिने कामावर राहून सुई टोचायला शिकलेल्या मुली आहेत, हे विचारावे. शिक्षित नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. बटन दाबल्यावर किंवा हाक मारल्यावर कोणी किती वेळात येते ते तेथे दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाईकांकडून कळते. डॉक्टर दिवसातून दोनदा येतो, बाकीचा दिवस आणि रात्र रुग्ण नर्सच्या हातात असतो.

ऑपरेशन असेल तर भूल देणारा डॉक्टर कोण, आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तो थांबेल का, हे जरूर विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. भूल देण्यापूर्वी, चिरफाड करण्यापूर्वी आणि रुग्णाला टेबलावरून हलवण्यापूर्वी असे तीनदा थांबून मोठ्याने वाचायची: रुग्ण तोच का, बाजू तीच का, ॲलर्जी आहे का, रक्ताची सोय आहे का, बोळे आणि हत्यारे मोजली का. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यात आपली नवी दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. आम्ही गाठोडे बांधताना नग दोनदा मोजतो, त्याच जातीचा हा हिशेब आहे. "तुमच्याकडे ऑपरेशनपूर्वीची यादी वापरतात का?" एवढे विचारावे. वापरणारा डॉक्टर खूश होऊन उत्तर देतो.

स्वच्छता: चादर, हात आणि डबे

स्वच्छतेच्या बाबतीत फिनाईलच्या वासावर जाऊ नये. चादरीकडे पाहावे, कारण ती आमच्या धंद्यातली वस्तू आहे. एका खाटेला एक चादर अंगावर, एक धुण्यात आणि एक वाळून घडी घातलेली अशा किमान तीन तरी लागतात. वीस खाटांचा दवाखाना चाळीस चादरींत चालत असेल तर चादर रोज बदलणे शक्यच नाही, हे कोणताही कापडवाला सांगेल. सुती चादर कडक गरम पाण्यात धुता येते. चकचकीत पॉलिस्टर स्वस्त पडते, पण घाम शोषत नाही. डाग धुऊन फिकट झालेला चालेल, पण रक्ताचा ताजा डाग अंथरलेल्या चादरीवर चालणार नाही.

दुसरी गोष्ट हात धुण्याची. १८४७ साली व्हिएन्ना शहरात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने पाहिले की ज्या प्रसूतिकक्षात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट येतात तेथे बाळंतिणी तापाने जास्त मरतात आणि सुइणींच्या कक्षात कमी. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पावणेदोनशे वर्षांनंतरही नियम तोच आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना डॉक्टर-नर्स हात धुतात किंवा निर्जंतुक द्रव लावतात का? वॉर्डात वाहते पाणी आणि साबण आहे का? उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात हा प्रश्न क्षुल्लक नाही. पाण्याची टाकी केवढी आणि पाणी कोठून येते, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट हत्यारे निर्जंतुक करण्याची. नुसते पाण्यात उकळणे पुरेसे नाही, काही चिवट जंतू त्यातून वाचतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र असते, आपल्या प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ. दाबाखालील वाफेत १२१ अंशांपर्यंत उष्णता नेऊन ठरावीक वेळ ठेवतात. हत्यारांच्या गाठोड्यावर एक पट्टी चिकटवतात, आत वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. ऑपरेशन थिएटरमध्ये आपल्याला जाता येत नाही आणि जाऊही नये. पण गाठोड्यावर पट्टी आणि तारीख लावता का, हे विचारता येते.

चौथी गोष्ट कचऱ्याचे डबे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्त लागलेले बोळे व शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्यांसारखे प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या न भोकणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. हा कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही. नर्सिंग होमच्या मागच्या गल्लीत जाऊन पाहावे. तेथे सुया आणि बाटल्या पडलेल्या असतील तर पुढच्या दाराची रोषणाई विसरावी. त्याच सुया आपल्या मोहल्ल्यातील भंगार वेचणाऱ्या पोरांच्या हाताला टोचतात, हेही ध्यानात ठेवावे.

वीज, प्राणवायू, रक्त

आपल्या भागात वीज जाणे नवे नाही. जनरेटर आहे का एवढेच विचारू नये. वीज गेल्यावर किती वेळात सुरू होतो, कोण सुरू करतो, डिझेल किती असते आणि ऑपरेशन टेबल, प्राणवायूची यंत्रे, बाळांचे वॉर्मर त्याला जोडलेले आहेत का, हे विचारावे. प्राणवायूचे भरलेले सिलिंडर किती आणि जादा कोठे, हाही प्रश्न आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर लहान जागी दुसरी सोय हाताशी असणे किती आवश्यक आहे ते समजावे.

बाळंतपणाच्या बाबतीत रक्ताचा प्रश्न सर्वांत मोठा. बाळंतीण सुखरूप दिसत असताना अचानक रक्तस्राव सुरू होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. आमच्या बाजारातील एका शिलाई कारागिराच्या सुनेवर हा प्रसंग आला. नर्सिंग होमचे नाव येथे घेत नाही. रात्री एक वाजता "रक्त आणा" म्हणून चिठ्ठी हातात दिली गेली. रक्तगट कागदावर नव्हता, सोबत फक्त सासू आणि पंधरा वर्षांचा दीर. त्या दिराने मशिदीजवळच्या चहावाल्याला उठवले, त्याने चौघांना फोन केले आणि पहाटेच्या आत रक्त मिळाले. मुलगी वाचली. पण रक्तगट आधी तपासून लिहून ठेवणे, परवानाधारक रक्तपेढी कोणती हे ठरवणे आणि दोन रक्तदाते सांगून ठेवणे, ही तीन कामे नवव्या महिन्यापूर्वीच करता आली असती. ती नर्सिंग होमने सुचवायला हवी होती. तुमच्या नर्सिंग होमने ती न सांगितली तर आपण विचारावीत.

रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. प्रसूतिगृहात औषधांसाठी वेगळा फ्रीज आहे का, की त्यातच डबे आणि पाण्याच्या बाटल्या आहेत, ही पाहण्याजोगी गोष्ट आहे. जन्मलेले बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटात त्याला श्वास देणारे शिकलेले माणूस आणि बाळाच्या मापाची पिशवी व मुखवटा लागतो. तो कोण देणार, हेही विचारावे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने खासगी प्रसूतिगृहांसाठी "मान्यता" नावाची १६ निकषांची पद्धत सुरू केलेली आहे. ते प्रमाणपत्र असेल तर चांगली खूण समजावी. रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारी एनएबीएच ही संस्थाही लहान रुग्णालयांना प्राथमिक पायरीचे प्रमाणपत्र देते.

सिझेरियनबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरात सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनने झाली, खासगीत सुमारे ४७. सिझेरियन अनेकदा जीव वाचवते, म्हणून डॉक्टरने सांगितले की नाही म्हणून अडून बसू नये. मात्र "कारण काय?" हे विचारावे आणि ते केसपेपरवर लिहिलेले असावे.

आग: सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट

२०२१ हे एक वर्ष घ्या. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. सरकारने राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचा आदेश काढला. तरी २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून १३ रुग्ण दगावले. पाचच दिवसांनी मुंब्र्याच्या एका खासगी रुग्णालयात आग लागली आणि हलवाहलवीत चार रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ जण गेले. सरकारी आणि खासगी असा भेद आग करत नाही, आणि आदेश निघाला म्हणजे काम झाले असेही नाही.

रुग्णालयातली आग इतकी वेगाने का पसरते? अतिदक्षता विभागात प्राणवायू सतत चालू असतो, आणि हवेत तो वाढला की ठिणगीचा वणवा होतो. त्यात एसी आणि यंत्रे रात्रंदिवस चालून तारा तापतात. वर पडदे पॉलिस्टरचे. कापडाची पारख करताना आम्ही धागा जाळून पाहतो: सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून गळते आणि अंगाला चिकटते, धूर काळा. खिडक्या एसीमुळे बंद, बाहेरून लोखंडी जाळी. रुग्ण उठून पळू शकत नाही. बहुतेक माणसे ज्वाळेने नव्हे तर धुराने जातात.

तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात. वर जाण्या-येण्याचे दोन मार्ग आहेत का? दुसऱ्या जिन्यावर खोकी, मोडक्या खाटा ठेवलेल्या आहेत का, त्याला कुलूप आहे का? असेल तर किल्ली कोणाकडे? आग विझवायच्या नळकांड्यावर भरल्याची तारीख आहे का आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? ते चालवायचे कसे हे रात्रीच्या वॉर्डबॉयला विचारावे. त्याने हसून मान हलवली तर उत्तर मिळाले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अशा इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. "जानेवारीचे प्रमाणपत्र आहे का?" हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. कापडाच्या दुकानाचा विमा उतरवताना आपण हेच पाहतो.

कागद, सही आणि बिल

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आमच्यासारख्या अनेकांना इंग्रजी फॉर्म पुढे आला की सही करून मोकळे व्हावेसे वाटते. तसे करू नये. कोऱ्या चेकवर सही न करणारा माणूस कोऱ्या संमतिपत्रावर का करतो? आपल्याला समजणाऱ्या भाषेत आजार काय, ऑपरेशन कोणते, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का, हे सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे. एका ऑपरेशनची संमती म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलेले आहे. त्या बाईंची तपासणीसाठी संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा केल्या. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आता नर्सिंग होमवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली अशा सनदेचा मसुदा केला होता. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे, औषधे कोणत्याही दुकानातून घेता येणे, असे हक्क त्यात आहेत. बिल तपशीलवार घ्यावे: खाट, डॉक्टर, भूल, थिएटर, औषधे, तपासण्या वेगवेगळ्या. बिल थकले म्हणून रुग्णाला अथवा मय्यतीला अडवून ठेवता येत नाही. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि बिले एका फाईलीत तारखेवार लावावीत, आपली वही लावतो तशी.

खर्चाचा अंदाज दाखल होण्यापूर्वी लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हेही विचारावे. ही योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली असून मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांची आहे. केशरी कार्ड नाही म्हणून आपण बसत नाही, असा जुना समज अजून अनेकांत आहे.

वेळ नसेल तेव्हा

अपघात, छातीत कळ, अर्धांगवायू यांत पारख करत बसायचे नसते. १०८ ला फोन करावा, ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. तातडीच्या रुग्णाला, पोलिस केस असली तरी, जीव वाचवण्यापुरते उपचार नाकारता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. म्हणूनच पारखणीचे काम सवडीच्या दिवशी करून ठेवायचे असते. बाळंतपण, हर्निया, पित्ताशयाचे खडे, मोतीबिंदू या गोष्टी आठवडे-महिने आधी कळतात. त्यांत घाईचे कारण नाही.

चूक झालीच तर

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. हलगर्जीपणा झाला असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. नर्सिंग होमच्या नोंदणीबाबतची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, डॉक्टरच्या वर्तनाबाबतची त्याच्या परिषदेकडे करावी.

त्याबरोबर हेही स्पष्ट सांगतो की रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टरने मारला असे नाही. प्रत्येक वाईट शेवट हा हलगर्जीपणा नसतो, आणि दोन्हींतला फरक कागदावरून ठरतो, गर्दीवरून नाही. दवाखान्याची काच फोडणे, डॉक्टरवर हात टाकणे हा २०१० च्या राज्य कायद्याने गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. ज्या गावात डॉक्टरला मार खावा लागतो, तेथे पुढचा गंभीर रुग्ण कोणी दाखल करून घेत नाही. त्याचा फटका पुन्हा आपल्यालाच बसतो.

शेवटी एक सूचना. ही चौकशी प्रत्येकाने एकट्याने करण्याची गरज नाही. बाजारातील व्यापारी संघटना किंवा मोहल्ल्यातील चार जाणते लोक दोन दिवस काढून गावातील नर्सिंग होमना भेटू शकतात. अदबीने, आधी कळवून जावे. परवाना, रात्रीचा डॉक्टर, नर्स, दुसरा जिना, जनरेटर, रक्ताची सोय, दरपत्रक आणि योजना, एवढ्या आठ गोष्टी विचाराव्यात आणि जे दिसले तेवढेच लिहावे. ज्यांचे काम चोख आहे ते दाखवायला तयार असतात. तेथे उपचार घेतलेल्या दहा जणांना विचारावे, पण "चांगले आहे का?" असे नव्हे. टाके पिकले का, रात्री हाक मारल्यावर कोण आले, बिल सांगितले तेवढेच झाले का, असे विचारावे. मिळालेली माहिती, रक्तदात्यांची नावे आणि १०८ हा क्रमांक एका कागदावर लिहून दुकानातील गल्ल्याच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि घरातील बायकांनाही त्याची एक प्रत द्यावी, कारण रात्री एक वाजता घरात बहुधा त्याच जाग्या असतात.